भुवया वर गेल्या

टीव्हीवर बातम्या लागल्या की खाली उजव्या कोपऱ्यात एक छोटी खिडकी दिसते आणि त्या खिडकीत एक बाई सारखे हात हलवत असते. ती बाई म्हणजे मी. मी दुभाषी आहे. वृत्तनिवेदिका बोलते ते माझ्या कानातल्या बटणातून मला ऐकू येतं, आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांना मी ते खुणांच्या भाषेत सांगते. अकरा वर्षं हेच करतेय. या अकरा वर्षांत लोकांनी मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न कोणता असेल? एवढं भरभर कसं जमतं, हा नाही. "काय हो, आज रागावलाय का?" हा.

मी रागावलेली नसते. माझे गाल लाल असतात. दोन्ही गाल, नाकाचा शेंडा आणि हनुवटीचा थोडा भाग. माझा रंग गव्हाळ, त्यामुळे तो लालपणा गुलाबी वगैरे दिसत नाही, विटकरी दिसतो. आणि आतून धग येते, चुलीजवळ फार वेळ बसल्यासारखी. पण दिवसातून चार जणांनी "रागावलाय का" विचारलं की पाचव्याला मी खरंच रागावलेली सापडते, आणि तो जाऊन इतर चौघांना सांगतो की बघा, म्हटलं नव्हतं?

चेहरा हे माझं हत्यार आहे, हे लोकांना समजावून सांगता सांगता माझ्या नाकी नऊ येतात. त्यांना वाटतं खुणांची भाषा म्हणजे हात. हात फक्त शब्द सांगतात. वाक्य चेहरा सांगतो. 'पाणी', 'पिणं', 'चांगलं' अशा तीन खुणा केल्या आणि भुवया जागच्या जागी ठेवल्या, तर ती बातमी झाली. पाणी पिण्यायोग्य आहे. त्याच तीन खुणा, पण भुवया वर आणि मान जराशी पुढे, तर तो प्रश्न झाला. पाणी पिण्यायोग्य आहे का? 'का'ची वेगळी खूण नाही. भुवया म्हणजेच 'का'. माझी आई जन्मापासून बहिरी होती, तेव्हा मी हे शिकलेच नाही म्हणायचं, मी त्यातच वाढले. आई गेली त्याला नऊ वर्षं झाली. ती असती तर पुढचा प्रकार घडल्या दिवशीच तिने माझे कान उपटले असते.

प्रकार घडला तो मेकअपमुळे. हे मी आजही म्हणते.

आमच्या स्टुडिओतले मेकअपदादा तीस वर्षं एकाच खुर्चीमागे उभे आहेत. मंत्र्यांपासून हवामानवाल्या मुलीपर्यंत सगळ्यांची तोंडं त्यांनी एकाच स्पंजने रंगवलीत. एकाच म्हणजे खरोखर एकाच. माझ्या तक्रारींवर त्यांची दोन उत्तरं ठरलेली. एक, "ताई, आजवर कोणाला काही झालं नाही." दोन, "तुमची कातडीच नाजूक." जणू मी ती दुकानातून निवडून आणली होती. गाल लाल दिसले की दादा आणखी एक थर चढवायचे. थर चढला की गाल भाजायचे. भाजले की आणखी लाल व्हायचे. मग आणखी एक थर. बुलेटिन सुरू होईपर्यंत माझ्या तोंडावर भिंतीला असतो तेवढा गिलावा.

त्या आठवड्यात शहराच्या पाण्याच्या मुख्य नळात गटाराचं पाणी शिरलं होतं. आठ दिवस नळाचं पाणी पिऊ नका, असं रोज सांगत होतो. कोपऱ्याकोपऱ्यावर टँकर उभे, लोक कॅन घेऊन रांगेत. नवव्या दिवशी संध्याकाळी सातच्या बातम्यांत पहिलीच ओळ होती की दुरुस्ती झाली, तपासणी झाली, आज रात्रीपासून नळाचं पाणी पिण्यायोग्य आहे. आणि त्याच दिवशी दादांनी नवीन पावडर आणली होती. गुलाबाच्या वासाची. डबा उघडल्याबरोबर माझे डोळे चुरचुरले.

"दादा, वासाचं काही नको हो माझ्या तोंडाला."

"अहो, भारीतली आहे. हात लावून बघा, लोणी आहे लोणी."

बुलेटिनला चार मिनिटं उरली होती. मी गप्प बसले. माझ्या आयुष्यात मी मोजून पाच-सहा वेळा गप्प बसले असेन, त्यातली ही सगळ्यात महागात पडली.

दिवे लागले आणि गालांवर मिरची चोळल्यासारखी आग झाली. पावडर डोळ्यांत गेली. पापण्या आपोआप मिटायला लागल्या, तर मी डोळे उघडे ठेवण्यासाठी भुवया ताणून वर धरल्या. नीट दिसेना म्हणून मान पुढे काढली. आणि तशा अवस्थेत मी पाणी, पिणं, चांगलं अशा खुणा केल्या. मला वाटलं, मी बातमी दिली.

सहा दिवसांनी कर्णबधिर संघाचं पत्र आलं. आमच्या बुलेटिनच्या प्रमुखबाईंनी ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. "आपल्या दुभाषी बाईंनी आम्हाला पाणी पिण्यायोग्य आहे का, असे विचारले. आम्हाला ते कसे माहीत असणार? सांगणे हे आपले काम आहे. आमच्या पुष्कळ सभासदांनी पुढचे चार दिवस नळाचे पाणी प्यायले नाही." कोणीतरी खुदकन हसलं. मी रेकॉर्डिंग मागवून बघितलं. भुवया केसांना टेकायच्या बाकी होत्या.

प्रमुखबाई वाईट नाहीत, पण त्यांना दर गोष्टीचं एका वाक्यात उत्तर लागतं. त्यांनी दादांना विचारलं, दादा म्हणाले, "त्यांचा चेहराच मेकअप घेत नाही हो, मी काय करू?" झालं. मिळालं एका वाक्यातलं उत्तर. दोष पावडरीचा नाही, स्पंजाचा नाही, दोष चेहऱ्याचा.

"हे बघ," प्रमुखबाई मला म्हणाल्या, "दीड महिना घे. चेहऱ्याचं काय ते कर. तोवर एजन्सीची मुलगी बसेल. मग आपण कॅमेरा टेस्ट घेऊ, संघाच्या अध्यक्षांनाच बोलावू. ते हो म्हणाले तर खिडकी तुझी. नाही म्हणाले तर मला दुसरी सोय बघावी लागेल."

तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती जाताना अर्थातच गालांवर थांबली. "बघ, परत लाल झालीस," प्रमुखबाई काळजीने म्हणाल्या.

चेहऱ्याचं काय ते करायचं म्हणजे काय, हे मी तीन वर्षं करतच होते. पहिले डॉक्टर म्हणाले होते, पिंपल्स. या वयात? तर म्हणे होतात. मग औषधाच्या दुकानदाराने आपण होऊन एक ट्यूब दिली. ती लावली की दोन दिवसांत चेहरा काचेसारखा. मी वर्षभर ती ट्यूब देवासारखी जपली. नणंदेने लिंबू चोळायला सांगितलं, तेही चोळलं. शेजारणीने खरखरीत साबण दिला, घासून घासून मेलेली कातडी काढायची म्हणून. मेलेली निघाली का माहीत नाही, जिवंत मात्र पुष्कळ निघाली.

या वेळी मी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी भिंग लावून पाच मिनिटं गाल बघितले आणि म्हणाल्या, "रोझेशिया."

मला वाटलं, एखाद्या देशाचं नाव सांगताहेत.

"चेहरा लाल होऊन पेटण्याचा कातडीचा आजार. गव्हाळ आणि सावळ्या रंगावर पटकन ओळखू येत नाही, म्हणून राहून जातो. त्यात तुम्ही ती ट्यूब लावलीत. त्यात स्टेरॉइड आहे. लावली की बरं वाटतं, सोडली की दुप्पट उसळतं. ती बंद."

"मग बरा कधी होईल?"

"बरा होत नाही. सांभाळावा लागतो."

सांभाळावा लागतो. घरात नवरा आहे, सासूबाई आहेत, कॉलेजात जाणारी लेक आहे, त्यांना मी सांभाळतेच आहे. आता हा एक. मी कपाळाला हात लावला, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तोंडाला सारखा हात लावू नका."

त्यांनी सांगितलेलं सगळं इतकं साधं होतं की मला रडू यायचं बाकी होतं. कोमट पाण्याने तोंड धुवा, गरम नको, बर्फाचंही नको. वास नसलेला, फेस न येणारा क्लेन्झर. पंच्याने टिपायचं, पुसायचं नाही. चेहरा कोरडा झाला की औषधी मलम, वाटाण्याएवढं, मग साधं मॉइश्चरायझर. सकाळी त्यावर झिंकचं सनस्क्रीन, ढग असले तरी. नवीन काहीही आणलं तर आधी कानामागे चार दिवस लावून बघायचं. आणि एक वही करायची. चेहरा कधी पेटला, त्याआधी काय खाल्लं, कुठे होतात, काय झालं, ते लिहायचं.

"फरक कधी दिसेल?"

"सहा ते आठ आठवडे."

माझ्याकडे सहाच होते.

पहिल्या आठवड्यात ट्यूब सोडल्याचा सूड चेहऱ्याने उगवला. गालांवर बारीक पुळ्या, वर पापुद्रे. आरशात बघायची सोय नाही. नवऱ्याला विचारलं, कसं दिसतंय, तर पेपरातून मान वर न करता म्हणाला, "काही दिसत नाही गं." त्याला घराला लागलेली आग दाखवली तरी तो हेच म्हणेल. लेक खरं बोलणारी, ती म्हणाली, "आई, तू व्हिडिओ कॉलवर कोणाशी बोलू नकोस." सासूबाईंनी एकदाच बघितलं आणि म्हणाल्या, "तिखट कमी खा आणि तिखट कमी बोल." पहिलं मी वहीत लिहिलं.

वही हा तर वेगळाच ताप. सोमवार, गरम चहा, गाल पेटले. मंगळवार, चहा कोमट करून प्याले, चहाची चव गेली, चीड आली, गाल पेटले. बुधवार, बसस्टॉपवर वीस मिनिटं ऊन. गुरुवार, काही नाही, तरी पेटले. शुक्रवारी टीव्हीवर माझ्या खिडकीत एजन्सीची मुलगी बघितली. गुळगुळीत, चकचकीत चेहरा, आणि भुवया शेवटपर्यंत जागच्या हलल्या नाहीत. प्रश्नही बातमीसारखा सांगत होती. संबंध बुलेटिनभर मी सोफ्यावर बसून तिच्या चुका काढल्या. वहीत लिहिलं, कारण, मत्सर. डॉक्टरीणबाईंनी ते वाचून फक्त शेजारी बरोबरची खूण केली.

तिसऱ्या आठवड्यात सनस्क्रीनचं नाटक. झिंकचं सनस्क्रीन गव्हाळ तोंडाला लावलं की पिठाच्या डब्यात डोकं घातल्यासारखी दिसायला लागले. परत दुकान, परत कानामागे चार दिवस, मग रंग घातलेलं एक मिळालं ते चाललं. चौथ्या आठवड्यात मेकअपचं. सगळीकडे एकच सल्ला, लाल झाकायचं तर हिरवा करेक्टर लावा. लावला. आरशात तीन दिवसांपूर्वी गेलेली बाई दिसली. लेकीने मला बाथरूममधून बाहेर ओढून उजेडात नेलं आणि म्हणाली, "आई, हिरवा गोऱ्यांना. तुला पिवळसर लागेल." हे एकाही दुकानातल्या मुलीला माहीत नव्हतं. मी प्रत्येकीला मुद्दाम सांगून आले.

पिवळसर मिळाला, वास नसलेला. चिमूटभर घ्यायचा, बोटाने थापटत लावायचा, चोळायचा नाही. वर पातळसं फाउंडेशन, तेही फक्त लाल आहे तिथेच. पावडर जवळजवळ नाहीच. ब्रश दर दोन दिवसांनी धुवायचे. सगळं मिळून अकरा मिनिटं लागायची. शंभर वेळा थापटून थापटून बोटाला ती सवय इतकी लागली की मी कणीकसुद्धा थापटायला लागले.

आणि पाचव्या आठवड्याच्या अखेरीला एक दिवस मी उठले, तोंड धुतलं, आणि काही झालं नाही. धग नाही. पुळ्या बसलेल्या. डावा गाल अजून विटकरी होता, पण शांत होता. मी धावत जाऊन नवऱ्याला दाखवला. "काही दिसत नाही गं," तो म्हणाला. पहिल्यांदाच ते जवळजवळ खरं होतं, आणि तरी मला त्याचा राग आला.

टेस्टच्या दिवशी मी घरून डबा घेऊन गेले. म्हणजे मेकअपचा डबा. मेकअपरूममध्ये दादा स्पंज हातात घेऊन तयार उभे होते.

"दादा, आज मी माझं मी करणार."

"माझ्या खुर्चीत?"

"खुर्ची नको असेल तर उभ्याने करते."

दादांचा चेहरा पडला. तीस वर्षांत त्यांना असं कोणी म्हटलं नसावं. "म्हणजे माझ्या हाताने तुमचं वाकडं झालं, असं सगळ्यांना सांगायचंय तुम्हाला," ते म्हणाले. मी होच म्हणणार होते. दीड महिना मी ते हो घोळवून ठेवलं होतं. पण वहीतलं 'चीड आली, गाल पेटले' आठवलं, आणि अकरा मिनिटांनी कॅमेऱ्यासमोर जायचं होतं. मी म्हटलं, "आपण नंतर भांडू." दादा खिडकीपाशी जाऊन उभे राहिले आणि मी थापटत असताना आरशातून तिरक्या नजरेने बघत राहिले. शेवटी न राहवून म्हणाले, "नाकाच्या बाजूला राहिलंय." खरंच राहिलं होतं.

स्टुडिओत प्रमुखबाई आणि संघाचे अध्यक्ष बसले होते. अध्यक्ष सत्तरीचे, किडकिडीत, जाड भिंगांचा चष्मा. आयुष्यभर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले, त्यामुळे चूक शोधायची सवय डोळ्यांत मुरलेली. त्यांचा दुभाषी मुलगा येणार होता, तो तापाने आडवा. त्यामुळे टेस्ट झाल्यावर त्यांचं म्हणणं प्रमुखबाईंना सांगायला तिथे एकच माणूस होतं. मी.

टेस्ट दहा मिनिटांची. रस्त्याची बातमी, निवडणुकीची, शाळेच्या निकालांची, मध्ये मुद्दाम घातलेले तीन प्रश्न. दिवे डोक्यावर भाजत होते. गाल तापले, पण चुरचुरले नाहीत. डोळे उघडे, भुवया माझ्या ताब्यात. प्रश्नाला वर गेल्या, बातमीला खाली आल्या. शेवटची खूण करून हात खाली घेतले तेव्हा मला कळत होतं की चांगलं झालंय. अकरा वर्षांत एवढं चांगलं क्वचित झालं असेल.

प्रमुखबाई माझ्याकडे वळल्या. "विचार त्यांना. कसं वाटलं?"

दुभाष्याचा एक नियम असतो. समोरचा बोलतो ते जसंच्या तसं सांगायचं, आणि त्याच्या तोंडून सांगायचं. तो 'मी' म्हणाला तर आपणही 'मी' म्हणायचं. गाळायचं नाही, पदरचं घालायचं नाही. मी अध्यक्षांकडे तोंड करून बसले. त्यांचे हात सुरू झाले आणि माझा आवाज सुरू झाला.

"खुणा स्वच्छ आहेत. चेहरा वाचता येतो. तिन्ही प्रश्न प्रश्नासारखे आणि बाकीच्या बातम्या बातम्यांसारख्या. मी आजवर पाहिलेल्यांत या बाई उत्तम आहेत."

प्रमुखबाई हसल्या. मी स्वतःचं कौतुक स्वतःच्याच तोंडाने करत होते, म्हणून मलाही हसू आलं. अध्यक्षांचे हात थांबले नाहीत.

"पण मला एक सांगायचंय. त्या बातमीनंतर तिसऱ्या दिवशी माझी बायको जिन्यात पडली. टँकर बंद झाले होते. ती लांबून पाणी आणत होती, दोन कॅन, तिसरा मजला. तिचं उजवं मनगट मोडलं."

माझा आवाज चालू राहिला. तो चालू ठेवायची सवय असते.

"माझी बायकोही माझ्यासारखीच बहिरी आहे. आम्ही हातांनी बोलतो. दीड महिना तिचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये आहे. ती एका हाताने बोलते. अर्धं वाक्य बोलते आणि उरलेलं मी ओळखायचं. कधी ओळखतो, कधी चुकतं. मग ती बोलणंच सोडून देते."

"हे ते म्हणताहेत की तू?" प्रमुखबाईंनी हळूच विचारलं.

"ते म्हणताहेत."

"पत्रात तर नव्हतं हे."

मी ते खुणेने विचारलं. उत्तर आलं, आणि मी ते सांगितलं. "पत्र संघाचं होतं. हे घरचं आहे. मला वाटलं, पत्र वाचून कोणीतरी येईल. मी आपणहून विचारलं तेव्हा तुमच्या कचेरीने कळवलं की बाई रजेवर आहेत, चेहऱ्यावर उपचार चालू आहेत. या बाईंनी दीड महिना स्वतःच्या गालांची काळजी घेतली. घ्यायलाच हवी. पण आमच्याकडे कोणी आलं नाही."

गाळायचं नाही, हा नियम. मी शब्दही गाळला नाही. 'या बाईंनी' असंच म्हटलं, 'मी' म्हटलं नाही. अध्यक्षांनी हात मांडीवर ठेवले.

माझ्या गालांवर आग उसळली. पिवळसर करेक्टर, झिंक, मलम, सगळं एका बाजूला आणि ही आग एका बाजूला. आरसा नको होता, मला कळत होतं की मी कानापर्यंत लाल झालेय. आजवर या लालपणाची मला शंभर कारणं सापडली होती. ऊन, चहा, तिखट, दिवे, दादा. यातलं आज एकही नव्हतं. मला लाज वाटत होती.

प्रमुखबाई उठल्या. त्या म्हणाल्या की सोमवारपासून खिडकी माझी, मेकअप माझा मी करायचा, आणि पहिल्याच बुलेटिनमध्ये त्या चुकीची दुरुस्ती द्यायची. मी मान हलवली. मग मी दुभाषेपण बाजूला ठेवलं आणि अध्यक्षांना माझ्या मनाचं विचारलं, तुमच्या घरी आत्ता येऊ का?

तिसरा मजला. जिना अरुंद, एका वळणावर कठडा नाही. मी वळणावर थांबले नाही, पण बघितलं. दार अध्यक्षांनी किल्लीने उघडलं आणि आत जाऊन दिवा दोनदा लावून विझवला, तशी आतल्या खोलीतून बायको आली. साधारण त्यांच्याच वयाची, ठेंगणी, उजवा हात गळ्यात अडकवलेला. तिने मला लगेच ओळखलं. खिडकीतली बाई आता घरात उभी, एवढाच फरक.

मी खुणेने सांगितलं. चूक माझी होती. मला कळायला हवं होतं. मला यायला हवं होतं. मी सावकाश, एकेक खूण पूर्ण करत सांगितलं, आणि प्रत्येक वाक्य सांगण्यासारखंच सांगितलं, विचारण्यासारखं नाही.

ती डाव्या हाताने बोलायला लागली. मला कळेना. माझं सगळं आयुष्य यात गेलं, आणि मला कळेना. खूण दोन हातांची असेल तर अर्धीच दिसायची, आणि डावा हात सरावाचा नव्हता, तो मध्येच अडखळायचा. मी म्हटलं, परत सांगा. तिने परत सांगितलं. मला दोन शब्द लागले, चेहरा आणि तू. मी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा तिने हात खाली सोडला आणि नवऱ्याकडे बघितलं. त्या थकलेल्या नजरेवरून मला समजलं की दिवसातून किती वेळा तिचं असं होत असेल.

मग अध्यक्ष आमच्या मध्ये येऊन बसले. ती त्यांना सांगत गेली आणि ते मला सांगत गेले. नियमाप्रमाणे, तिच्या तोंडून.

"मी तुला रोज बघते. तुझा चेहरा मला पाठ आहे. त्या दिवशी मला प्रश्न वगैरे वाटला नाही. हे म्हणाले, ती विचारतेय. मी म्हटलं, नाही, ती विचारत नाही, तिला दुखतंय. नीट बघा, तिला खूप दुखतंय. मला वाटलं, तू ते पाणी प्यायलीस आणि तुला काहीतरी झालंय, आणि तुला आम्हाला सांगू देत नाहीयेत. म्हणून मी घरात कोणाला ते पाणी पिऊ दिलं नाही."

अध्यक्षांचे हात थांबले. ती माझ्याकडे बघत होती, उत्तराची वाट बघत.

मी सांगितलं, हो. दुखत होतं. तिने डावा हात माझ्या तापलेल्या गालाजवळ आणला, लावला मात्र नाही, आणि माझ्या भुवया कुठे होत्या ते मला माहीत नाही.